वहीतले चार ‘ठीक’

रोपवेवरची माणसं त्यांना चिंधीमास्तर म्हणत, आणि या नावाचा त्यांना कधी राग आला नव्हता. नाव कामावरूनच पडलं होतं. पायथ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत फिरणारा तो मनगटाएवढा जाड लोखंडी दोर सहा पेडांचा होता आणि एकेका पेडात कितीतरी बारीक तारा पिळलेल्या होत्या. रोज सकाळी दोराला माणसं नेणारे पाळणे लावायच्या आधी मोटारवाला, म्हणजे दोर ओढणारी मोटार चालवणारा, दोर अगदी हळू फिरवायचा आणि मास्तर फलाटाच्या कडेला उभे राहून एक जुनी सुती चिंधी त्या दोराभोवती अलगद धरून ठेवायचे. कुठे तार तुटून टोक वर आलं असेल तर चिंधी त्यात अडकायची. मग मास्तर हात वर करायचे, दोर थांबायचा, मास्तर खडूने खूण करून भिंगातून मोजायचे. पूर्ण दोर नजरेखालून जायला चाळीस मिनिटं लागत. त्यानंतर वहीत दोन शब्द: ‘दोर ठीक’, आणि खाली सही. सव्वीस वर्षं हा नेम चालला होता.

वर डोंगरावर मोठं इस्पितळ होतं आणि बरीच वस्ती. खाली बाजार, शाळा, कचेऱ्या. रस्त्याने बस होती, पण ती वळणं घेत दीड तास लावायची. रोपवेने अकरा मिनिटं. त्यामुळे नर्सबाया, शिक्षक, दवाखान्याची फाईल काखेत धरलेली म्हातारी माणसं, सगळी पाळण्यातूनच जात. मास्तर हसून म्हणायचे, “आपला धंदाच लोकांचे जीव टांगणीला लावायचा. निदान दोर तरी बघून घेऊ.”

जुने साहेब होते तोवर बोलण्याची मुभा होती. त्यांना सगळंच कळायचं असं नाही, पण ते सकाळी फलाटावर येऊन उभे राहत आणि मास्तर जे सांगतील ते ऐकून घेत. ते निवृत्त झाले आणि दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. वय चौतीस. हुशार, झपाट्याने काम करणारे, वरिष्ठांचा फोन आला की उभे राहून बोलणारे. रोपवे किती वेळ बंद राहिला याचा मिनिटामिनिटाचा जाब त्यांना वर द्यावा लागायचा, आणि तो धाक ते खाली वाटून टाकायचे. मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “तुम्हाला विचारलंय का?”

तरी सुरुवातीला मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. नवा माणूस आहे, रुळेल, असं ते बायकोला सांगायचे.

मग तो दिवस आला. सुट्टीचा दिवस होता, तिकिटाची रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि कंपनीच्या वरिष्ठांचे पाहुणे नेमके त्याच वेळी पाळण्यात बसून वर निघाले होते. मास्तरांना तिसऱ्या खांबाच्या बाजूने आवाज आला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, थांबून थांबून. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि लाल बटण दाबलं. पाळणे जागच्या जागी लोंबकळत राहिले. माणसं खांबावर चढली. तिसऱ्या खांबावर एक सुटा पत्रा तेवढा सापडला. तो वाऱ्याने वाजत असावा, असं सगळ्यांनी ठरवलं. या सगळ्यात पस्तीस मिनिटं गेली.

साहेब खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता. त्यांनी तिकीटखिडकीतला ध्वनिक्षेपक उचलला. रांगेतल्या दोन-अडीचशे माणसांसमोर, पाळण्यातून उतरणाऱ्या पाहुण्यांसमोर त्यांनी घोषणा केली. “प्रवाशांनी गैरसोयीबद्दल माफ करावं. आमच्या चिंधीमास्तरांच्या कानात भुतं बोलतात. पत्रा वाजला की त्यांना वाटतं दोर तुटला.” लोक हसले. मग साहेबांनी ध्वनिक्षेपक खाली न ठेवताच मास्तरांकडे वळून म्हटलं, “तू कान तपासून घे आधी. आणि यापुढे मला विचारल्याशिवाय बटणाला हात लावलास तर चिंधीनं फरशी पुसायला बसवीन.”

मास्तर बावन्न वर्षांचे होते. कामावर त्यांना ‘तू’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी ते वेळेवर घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ते खरंच कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने कानावर यंत्र लावून बारीकसारीक आवाज ऐकवले आणि म्हटलं, “या वयात असे कान मी पाहिले नाहीत. काय त्रास होतोय तुम्हाला?” मास्तर म्हणाले, “काही नाही.” कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. पण कान चांगले आहेत हे कागदावर आलं, तरी त्यांचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास काही परत आला नाही. आता कुठला आवाज आला की आधी साहेबांचं वाक्य आठवायचं आणि मग आवाज. तोवर आवाज निघून गेलेला असायचा.

पुढच्या तीन-चार महिन्यांत ते बारीक झाले. घरातून निघताना कुलूप लावलंय की नाही हे तीनदा बघायला लागले. साहेबांची गाडी फाटकात शिरली की ते फलाटाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. जेवताना बायको काही सांगायला लागली की मध्येच तोडायचे. एकदा ती म्हणाली, “वजन उतरलंय तुमचं, डॉक्टरला दाखवू या का?” आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तुला विचारलंय का?” बायको ताट उचलून आत गेली. मास्तर तिथेच बसून राहिले. हे वाक्य कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं, बायकोला नव्हतं.

फलाटावरही बदल झाला होता. मोटारवाला पूर्वी गप्पिष्ट होता, तो आता मान खाली घालून आकडे लिहायचा. तिकिटाच्या खिडकीत बसणारी बाई, जिला सगळे ताई म्हणत, ती पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं सांगायची, आता तिकीट फाडून देण्यापलीकडे बोलत नसे. साहेबांना वाटत होतं, शिस्त आली.

एका सोमवारी सकाळी चिंधी अडकली.

मास्तरांनी हात वर केला. दोर थांबला. भिंगातून पाहिलं तर वीतभर लांबीत तीन तारा तुटलेल्या. नव्या. टोकं अजून चकाकत होती. गेल्या आठवड्यात तिथे काही नव्हतं. नियम त्यांना पाठ होता. तेवढ्या लांबीत दहा तारा तुटल्या तर रोपवे बंद. दहाच्या आत असल्या तर चालेल, पण नवी तुटलेली प्रत्येक तार त्याच दिवशी वहीत लिहायची आणि साहेबांना सांगायची.

तीन म्हणजे काही नाही, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं. तीन तारांसाठी साहेबांच्या खोलीत जायचं, ते मान वर न करता ‘काय?’ म्हणणार, मग खोलीतल्या चार लोकांसमोर भुतांची चौकशी होणार. उद्या बघू. खडूची खूण त्यांनी केली, पण बारीक, त्यांना एकट्याला दिसेल एवढीच. वहीत लिहिलं, ‘दोर ठीक’.

मंगळवारी चार होत्या. दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही. पाळणे एकामागून एक फलाटातून बाहेर पडत होते आणि ते दर वेळी ओळखत होते की खुणेचा तो तुकडा आता कुठल्या खांबावर असेल. खांबांवरच्या चाकांवरून तो तुकडा जाताना पाळणा हलतो का, हे बघत ते उन्हात उभे राहिले. ताईने विचारलं, “मास्तर, बरं वाटत नाही का?” “झोप झाली नाही,” ते म्हणाले. वहीत ‘दोर ठीक’.

बुधवारी सहा.

त्यांची लेक वरच्या इस्पितळात नर्स होती. लग्न झालं होतं, पण सासर जवळच्याच गल्लीत, त्यामुळे कामावरून येताना ती आईकडे डोकावून जायची. बुधवारी संध्याकाळी ती चपला घालत होती तेव्हा मास्तर म्हणाले, “उद्या बसने जा.”

“बसने? का हो?”

“वारा आहे. पाळणे हलतात. उगाच पोटात ढवळतं.”

“सात वर्षं जातेय बाबा, कधी नाही ढवळलं.”

“एक दिवस ऐकलंस तर काय बिघडेल?”

ती जरा बघत राहिली आणि “बरं” म्हणून गेली. ती गेल्यावर मास्तरांना पहिल्यांदा बरं वाटलं. जेवणही गेलं दोन घास.

गुरुवारी सात तारा होत्या. मास्तरांनी वहीत ‘दोर ठीक’ लिहिलं, आणि सही करताना आडनावाचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. साडेसातच्या पाळीच्या नर्सबाया आल्या. लेक त्यांच्यात नव्हती. बाकीच्या सगळ्या होत्या. हसत, एकमेकींना ढकलत, डबे सांभाळत त्या पाळण्यात बसल्या आणि वर गेल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. पाळणा पहिल्या खांबाशी पोचेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला होता, हे त्यांना छातीत कळ आली तेव्हा कळलं.

संध्याकाळी लेक आली ती थेट त्यांच्यासमोर येऊन बसली. आई स्वयंपाकघरात होती.

“दीड तास उभी राहून गेले मी,” ती म्हणाली. “वर पोचले तर सगळ्या विचारतात, आज उशीर का? मी म्हटलं, वाऱ्यामुळे. त्या म्हणाल्या, कुठला वारा? पान हलत नाहीये. माझी ती मैत्रीण आहे ना, बाळाला पाळणाघरात घेऊन येते वर, ती म्हणाली, रोपवेने येताना बाळ पूर्ण वेळ झोपलं होतं.” ती थांबली. “बाबा, दोराला काही झालंय का?”

मास्तरांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. सोमवारच्या तीन तारा, मंगळवारच्या चार, बुधवारच्या सहा, आजच्या सात. सांगताना ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “मला सांगितलंत. बाकीच्यांना कोण सांगणार होतं?”

“दहाच्या आत आहेत अजून,” ते म्हणाले.

“मग मला बसने का पाठवलंत?”

बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिने सगळं ऐकलं होतं. गेले कित्येक महिने ती विचारल्याशिवाय बोलत नव्हती.

शुक्रवारी चिंधी अडकली नाही, फाटली. नऊ तारा. मास्तर मोटारवाल्याच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “पाळणे लावू नकोस.”

“साहेबांना विचारलंत?”

“नाही.”

मोटारवाल्याने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. रांग लागायला सुरुवात झाली होती. “मास्तर, माझ्यावर येईल. तुम्ही आधी वर जाऊन विचारून या, मग मी थांबवतो.”

मास्तर जिन्यापर्यंत गेले. साहेबांची खोली जिन्यावर दहा पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर त्यांचे पाय थांबले. कठडा धरून ते तिथे उभे राहिले. ज्या माणसाने सव्वीस वर्षं डोंगरावरच्या खांबावर वाऱ्यापावसात चढून ग्रीस लावलं, त्याला सात पायऱ्या चढवेनात. ते माघारी फिरले, थेट बटणापाशी गेले आणि लाल बटण दाबून त्याची किल्ली काढून खिशात घातली. मग ते ताईच्या खिडकीशी गेले. “तिकीट देऊ नका. दोर खराब आहे.”

ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकी ओढून घेतली. रांगेला तिने सांगितलं की तिकिटाचं यंत्र बिघडलंय, बसने जा. पुढे तिला कोणी विचारलं की खोटं का सांगितलंस, तेव्हा ती म्हणाली, “दोर खराब आहे असं मी म्हटलं असतं तर साहेबांनी मला विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं बोलायला? यंत्राबद्दल मला कोणी काही म्हणत नाही.”

साहेब धावतच खाली आले. “किल्ली कुठाय? कोणी बंद केलं?” मास्तरांनी खिशावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने भिंग पुढे केलं. “तुम्ही स्वतः बघा,” ते म्हणाले. साहेबांनी भिंग घेतलं ते झटकूनच, पण वाकून पाहिलं. बराच वेळ वाकलेलेच राहिले. उभे राहिले तेव्हा चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता.

दुपारपर्यंत दोराच्या कारखान्याचा तपासनीस आला. शांत, जाडजूड चष्म्याचा माणूस. तो खांबांवर चढला, उतरला. चौथ्या खांबावरच्या एका चाकाचं रबर झिजून गेलं होतं आणि दोर उघड्या लोखंडावर घासत होता. किती दिवसांपासून, हे सांगता येत नाही, म्हणाला. महिने असतील. मास्तरांनी त्या सुट्टीच्या दिवशी ऐकलेला आवाज तिसऱ्या खांबावरचा होता की चौथ्यावरचा, हे आता कोणालाच ठरवता येणार नव्हतं.

मग त्याने सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बसवलं आणि वही उघडली. “सोमवार ते गुरुवार, ‘दोर ठीक’. एका दिवसात नऊ तारा तुटत नाहीत. अक्षर कोणाचं?”

“माझं,” मास्तर म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं?”

‘आज’ एवढं म्हणायची मोकळीक होती. साहेबांनाही तेच उत्तर सोयीचं होतं, ते टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. मास्तर म्हणाले, “सोमवारी.”

मग मोटारवाल्याने घसा खाकरला. “मोटार दोन आठवड्यांपासून जास्त वीज ओढतेय,” तो म्हणाला. “काटा रोज थोडा वर. मी माझ्या वहीत लिहिलं, पण बोललो नाही.” ताई म्हणाली, “प्रवासी सांगत होते, चौथ्या खांबाशी धक्का बसतो म्हणून. पाच-सहा जणांनी सांगितलं. मी वर कळवलं नाही.”

तपासनिसाने चष्मा काढला. “तिघांकडे तीन तुकडे होते,” तो म्हणाला, आणि साहेबांकडे वळला. “एकानेही तुम्हाला सांगितलं नाही?”

साहेब मास्तरांकडे वळले. त्यांच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं, दुखावल्यासारखं. “मास्तर, मला का नाही सांगितलं तुम्ही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?” मास्तरांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेब पुन्हा टेबलावरच्या पेनाकडे बघू लागले.

नवा दोर यायला आणि चढायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस सगळी वस्ती बसने हेलपाटे घालत होती. मास्तरांवर खोटी नोंद केल्याचा ठपका आला आणि दोन महिने त्यांना घरी बसवलं. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला नाही. साहेबांना वरून पत्र आलं, त्यात काय होतं ते कोणाला कळलं नाही. ते राहिले. आता ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात, दर सोमवारी मीटिंग घेतात आणि विचारतात, “कोणाला काही सांगायचंय?” माणसं एकमेकांकडे बघतात. मोटारवाल्याने बदली मागून घेतली. त्याच्या जागी आलेल्या माणसाला ताईने पहिल्याच दिवशी बजावलं, की काही दिसलं तर बोल. पण ती स्वतः अजून बोलण्याआधी दाराकडे बघते.

मास्तर कामावर परत आले तेव्हा पहिल्या सकाळी रांगेत लेकीची ती मैत्रीण होती, बाळ खांद्यावर झोपलेलं. मास्तरांना बघून ती मुद्दाम रांग सोडून आली. “मास्तर, तुम्ही बंद केलंत म्हणून वाचलो आम्ही,” ती म्हणाली. “सगळ्यांना सांगते मी.”

मास्तरांनी मान हलवून गप्प राहायला हरकत नव्हती. बाकी सगळेही त्यांनीच वाचवलं असंच मानत होते. ते म्हणाले, “बाई, त्या गुरुवारी तुम्ही बाळाला घेऊन वर गेलात. तेव्हा सात तारा तुटलेल्या होत्या. मला ठाऊक होतं. माझ्या मुलीला मी बसने पाठवलं होतं.”

ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, जणू वाक्य पोचायला वेळ लागत होता. मग तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि फाटकाबाहेर बसथांब्याकडे चालू लागली. पंधरा दिवस ती बसनेच गेली. त्यानंतर थंडी वाढली, बाळाला सर्दी व्हायला लागली, आणि एका सकाळी ती पुन्हा रांगेत दिसली. तिकीट घेऊन ती मास्तरांच्या समोरून गेली, नजर न वळवता. पाळण्याचं दार लागलं. मास्तर ती वरच्या स्थानकात उतरेपर्यंत, पूर्ण अकरा मिनिटं, कठड्याशी उभे राहिले.